चार ठोकळ्यांचा रकाना

सरांशी मी खोटं बोलले ते दिवाळीच्या सुट्टीत, त्यांच्याच घरी, त्यांचीच वही मांडीवर घेऊन. तेव्हा ते मला खोटं वाटलंही नाही. पान चिकटलं होतं, एवढंच म्हटलं मी. पण ते सांगायचं तर आधी सर कोण होते ते सांगायला हवं.

सर गडचिरोलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी सावलीजवळच्या एका खेड्यातली. घरी धानाची शेती. रोज सकाळच्या एसटीने वैनगंगेचा पूल ओलांडून कॉलेजला जायचं आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही मोजून अकरा जण होतो. त्यातले सात जण पोलीस भरतीच्या तयारीला होते. सकाळी मैदानावर धावून थकलेले असायचे, म्हणून तासाला पेंगायचे. सर त्यांच्यावर कधी रागावले नाहीत. खडूही हळू चालवायचे.

एकदा पुस्तकात एक ओळ आली, की क्वार्क, म्हणजे प्रोटॉनच्या आतला कण, कधीही एकटा सापडत नाही. पुढे काहीच नव्हतं, दुसराच विषय सुरू. मी हात वर केला.

"सर, एकटा काऊन नाई सापडत?"

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "बेटा, हे तासात होणार नाई. रविवारी घरी ये."

रविवारी मी गेले. सर आणि काकू दोघंच राहायचे. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. मूलबाळ नव्हतं. समोरच्या खोलीत एक लाकडी टेबल, त्यावर जाड पुठ्ठ्याच्या वह्यांची चळत आणि एका परातीत बोराएवढे सागवानाचे ठोकळे. अहेरीच्या एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडाचे ते कापून दिले होते. काही सुटे, काही फेविकॉलने एकमेकांना चिकटवलेले. मला वाटलं, काकूंच्या शाळेतलं काहीतरी असेल.

सरांनी वहीच्या कोऱ्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारून जाळी काढली. अवकाश आणि काळ सलग आहेत असं न धरता त्यांची अशी जाळी आहे असं धरायचं, म्हणाले. जाळीच्या प्रत्येक काडीवर एक राशी, म्हणजे एक मूल्य, ठेवायची आणि चार काड्यांचा चौकोन मिळून काय होतं ते पाहायचं. याला लॅटिस गेज थिअरी म्हणतात. सगळं एका आकड्यावर ठरतं, क्वार्कांना बांधणाऱ्या बळाचा जोर किती धरायचा यावर. जोर फार मोठा धरला तर गणित म्हणजे मोजणी होते. जाळीत बसणारे बंद आकार मोजत जायचे: आधी एक ठोकळा, मग दोन चिकटलेले, मग तीन. या टोकाला क्वार्क एकटा सुटू शकत नाही हे सरळ सिद्ध करता येतं. जोर अगदी लहान धरला तर रीत वेगळी. तिला पर्टर्बेशन थिअरी म्हणायचं. आधी ढोबळ उत्तर काढायचं, मग त्यात बारीक दुरुस्ती करायची, मग आणखी बारीक. आपलं खरं जग या दुसऱ्या टोकाला आहे.

"आता समज," सर म्हणाले, "आलापल्लीहून एक मोटर निघाली आणि भामरागडहून एक निघाली. दोन्हीकडचा रस्ता चांगला आहे. पण मधात नाला भरून वाहून राह्यला. भेटतीन का?"

"नाई."

"बस. त्या टोकाला सिद्ध केलेलं ह्या टोकाला खरं धराचं, तर मधात कुठी नाला नसला पाहिजे. पाणी गार करत गेलो तर एका जागी एकदम बर्फ होते ना? अवस्थांतर. तसं जोर कमी करता करता मधात एकदम सगळं बदललं, तर इकडचं सिद्ध केलेलं तिकडे कामाचं नाई."

"मग आहे का सर, मधात?"

"सगळे म्हणतात नाई." त्यांनी वह्यांच्या चळतीवर हात ठेवला. "मले वाटते, आहे."

त्यांची कथा काकूंनी मला पुढे कधीतरी सांगितली, चिवडा बशीत घालता घालता. सर तरुणपणी लांबच्या एका संशोधन संस्थेत होते. याच विषयावर काम करत होते. त्यांच्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. तिचं दुखणं वाढलं आणि आई-वडिलांना झेपेना, म्हणून तीन महिन्यांची रजा काढून सर अहेरीकडच्या गावी आले. तीन महिन्यांची पाच वर्षं झाली. बहीण गेली. तोवर संस्थेतली जागाही गेली होती. मग इथे कॉलेजात लागले. पण काम सोडलं नाही. कॉम्प्युटर नव्हता, म्हणून हातानेच आकार मोजू लागले. लग्न झालं त्या वर्षी तिसरी वही चालू होती, काकू म्हणाल्या.

जाळीच्या समीकरणात सर एक जादा पद घालायचे. ते घातलं की दोन जोरांच्या नकाशावर, एक मूळचा आणि एक जादा पदाचा, एक रेघ मिळते, आणि त्या रेघेवर खरोखरच पाण्याचं बर्फ व्हावं तसं अवस्थांतर होतं. हे सगळ्यांनाच माहीत होतं. सगळे मानत होते की ती रेघ मूळ रस्त्याला, म्हणजे जादा पद नसतानाच्या वाटेला, लागण्याआधीच संपते. सरांची मोजणी सांगत होती की ती संपत नाही, पुढे जाऊन रस्ता कापते. हे खरं निघालं असतं, तर फार मोठ्या मोठ्या लोकांना पुन्हा विचार करावा लागला असता.

मी दोन वर्षं जवळपास दर रविवारी तिथे जात होते. सर मला आकार हातात द्यायचे. हा जाळीत किती तऱ्हांनी ठेवता येतो, मोज. तीन ठोकळ्यांचा काटकोनी आकार बारा तऱ्हांनी. चार ठोकळ्यांचे कितीतरी. मी ठोकळा फिरवायची, उलटा करायची, बोटांवर मोजायची, आणि सर वहीशी ताडून पाहायचे. जुळलं की मी त्या ओळीपुढे पेन्सिलने "तपासलं" असं लिहायचं. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढ्या मोठ्या माणसाच्या वहीत लिहायला मिळत होतं. मी अक्षर फार जपून काढायची.

त्यांच्यामुळेच मी नागपूरला एमएस्सी केलं आणि पुढे पीएचडीला दक्षिणेतल्या एका शहरात गेले. जायच्या दिवशी सर गडचिरोलीच्या बसस्टँडवर आले होते. बाबाही आले होते. दोघं बाकावर शेजारी बसले आणि धानाच्या जातींबद्दल बोलत राहिले. गाडी लागली तेव्हा सर खिडकीशी आले. म्हणाले, "घाई करू नको. पण जमलं तर माझी रेघ मशीनवर पाहून घे."

माझ्या गाइड बाईंनी तोच विषय घ्यायला परवानगी दिली. जुनाच प्रश्न आहे, पण सुरुवातीला हात बसायला बरा, म्हणाल्या. मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, करायचं ते असं: जाळीवरच्या सगळ्या राशी एकदा पूर्ण विस्कटून सुरुवात करायची आणि एकदा सगळ्या सारख्या लावून. दोन्हीकडून मशीन चालवत न्यायचं. दोन्ही सुरुवाती एकाच उत्तरावर आल्या तर तिथे काही नाही. दोन वेगळ्या उत्तरांवर अडकून राहिल्या तर तिथे अवस्थांतर आहे असं समजायचं. दुसऱ्या वर्षी मी सरांनी सांगितलेल्या जागी हे करून पाहिलं. आलेखावर दोन सुरुवातींच्या दोन रेघा वेगळ्या राहिल्या. स्पष्ट वेगळ्या.

मी कोणाला दाखवलं नाही, काही तपासलं नाही. थेट सरांना फोन लावला.

"सर, दोन्ही वेगळ्या राह्यल्या! तुमच्याच जागी!"

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग काकूंचा आला. "काय सांगितलं वं तू ह्यांना? रडून राह्यले ना हे."

त्या संध्याकाळी सरांनी गल्लीत पेढे वाटले, हे मला नंतर कळलं. कशाचे पेढे, ते कोणाला सांगता आलं नाही. नात्यात कोणाचं तरी लग्न ठरलं असेल, असं शेजाऱ्यांना वाटलं.

महिन्याभरात गाइड बाईंनी माझा आलेख पाहिला आणि विचारलं, मशीन किती वेळ चालवलंस? मी सांगितलं. फार थोडा, त्या म्हणाल्या. दहापट चालव आणि जाळी मोठी घे. मी तसं केलं. दोन्ही रेघा हळूहळू जवळ आल्या आणि मिळाल्या. आणखी मोठी जाळी घेतली, तरी मिळाल्या. सरांच्या जागी काही नव्हतं. रेघ आधीच संपत होती, सगळे म्हणत होते तिथेच.

मी सरांना सांगितलं नाही. फोनवर ते विचारायचे, "मोठ्या जाळीवर पाह्यलं का?" मी म्हणायची, "चालू आहे सर." एक आठवडा, दोन आठवडे. मग तेच सवयीचं झालं. वाटायचं, भेटीत सांगू, समोर बसून. फोनवर हे कसं सांगायचं?

त्याच वर्षी सरांचे डोळे गेले. काचबिंदू होता. उपचार केले, पण उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. दिवाळीला मी गेले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. दाराशी माझा आवाज ऐकून ते उठले आणि हात पुढे करून उभे राहिले. टेबल मधे होतं. मला टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ जावं लागलं.

त्यांच्या मनात एक बेत होता. सगळ्या वह्या मी त्यांना वाचून दाखवायच्या, ते कानाने तपासणार, आणि मग मोजणीचे अंतिम आकडे मी माझ्या प्रबंधात परिशिष्ट म्हणून घालायचे. "माझ्या नावानं नाई," ते म्हणाले. "तुझंच. फक्त कोणी केलं ते खाली लिहिजो."

मी रोज सकाळी सावलीहून जायची आणि दुपारपर्यंत वाचायची. सर डोळे मिटून, बोटं मांडीवर हलवत ऐकायचे. एखादा आकडा मी चुकीचा वाचला तर तिथल्या तिथे थांबवायचे. एवढं सगळं त्यांना पाठ होतं. चौथ्या दिवशी सहावी वही आली. त्यात चार ठोकळ्यांचा रकाना होता. सरळ पट्टी: तीन तऱ्हा. चौकोनी गठ्ठा: तीन. मग एक पिळाचा आकार येतो. एक ठोकळा, त्याच्या बाजूला दुसरा, दुसऱ्याच्या वर तिसरा, आणि तिसऱ्याच्या समोर चौथा, जिन्याच्या वळणासारखा. त्याच्यापुढे लिहिलं होतं, बारा.

पीएचडीच्या पहिल्याच वर्षी मी हे आकार मोजायचा प्रोग्राम लिहिला होता. त्याने पिळाच्या आकाराचे चोवीस दिले होते. तेव्हा मी वहीशी ताडून पाहिलं नव्हतं, कारण वही गडचिरोलीत होती. आता समोर बारा पाहिल्यावर काय झालंय ते मला क्षणात कळलं. पिळाच्या आकाराचे दोन प्रकार असतात, एक उजव्या वळणाचा, एक डाव्या. आपला उजवा आणि डावा हात असतात तसे. उजवा हात कितीही फिरवला तरी त्याचा डावा होत नाही. सर हातात ठोकळा घेऊन फिरवत आले होते, आणि त्यांनी चिकटवलेला आकार एकच होता, उजव्या वळणाचा. डाव्या वळणाचे बारा राहून गेले होते. पुढचे सगळे आकडे या रकान्यावर उभे होते. ते बारा धरले की शेवटची पदं बदलत होती आणि रेघ रस्ता कापत नव्हती.

त्या ओळीपुढे पेन्सिलने लिहिलेलं होतं, "तपासलं". माझंच अक्षर.

"काऊन थांबली?" सरांनी विचारलं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे. पण त्या पाहत राहिल्या.

"पान चिकटलं होतं सर," मी म्हटलं. "पिळाचा आकार, बारा."

"बारा. बरोबर. पुढे?"

मी पुढे वाचत गेले. पुढच्या दिवसांत उरलेल्या सगळ्या वह्याही वाचल्या. त्या दिवशी दुपारी काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. एरवी येत नसत.

"काही चुकलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाई काकू."

"चुकलं असंल तं सांग त्यांना. ते काही मरत नाईत त्यानं."

मी हसले आणि गाडी पकडली. घरी येऊन बाबांनाही काही सांगितलं नाही. खरं म्हणजे मी स्वतःशी त्याला दया म्हणत होते. डोळे गेलेल्या माणसाचं राहिलेलं एवढंच होतं, ते आपण का काढून घ्यायचं? प्रबंध इंग्रजीत असणार, इथे कोण वाचणार होतं? परिशिष्टाचं काही झालं नाही, असं नंतर सांगता येईल. मी परत गेले आणि प्रबंधाचं ते प्रकरण लिहिलं. रेघ कुठे संपते ते दाखवलं. सरांची मोजणी चुकीची म्हणून लिहायला नको, म्हणून मी तिचा उल्लेखच केला नाही. कुठेच नाही. त्यांना वाचवायच्या नादात मी त्यांचं नाव काढून टाकलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

फाल्गुनात मी पुन्हा गेले. वाटेत मोहफुलांचा वास बसमध्ये येत होता. सर ओट्यावर बसले होते. मी पायाला हात लावला, शेजारी बसले. त्यांनी शर्टाच्या दोन्ही खिशांतून दोन वस्तू काढल्या आणि माझ्या दोन्ही हातांवर एक एक ठेवली. दोन पिळाचे आकार, चार चार ठोकळ्यांचे. एक जुना, काळपट झालेला. एक नवा. त्याच्यावर फेविकॉलचे वाळलेले ओघळ होते, बोटांनी चाचपून चिकटवल्याचे.

"हे दोन्ही एकच का?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही आकार उजेडाकडे धरले.

"फिरवून पाह्य."

मी फिरवले. मला फिरवायची गरज नव्हती.

"नाई सर."

"नाई ना." ते समोर पाहत होते, म्हणजे चेहरा समोर होता. "डोळे होते तोवर एकच आकार पाहून राह्यलो होतो. आता करमत नाई म्हणून ठोकळे चिकटवत बसतो. एक दिवस हा तयार झाला. चुकून. जुन्याच्या शेजारी ठेवला तं बसतच नाई. दोन दिवस मले वाटलं, माझंच डोकं फिरलं." मग ते म्हणाले, "डाव्याचे बारा आपण धरलेच नाई."

"हो सर."

मी "हो" फार लवकर म्हटलं. त्यात आश्चर्य नव्हतं. सरांना ऐकू चांगलं येत होतं.

"तुले माहीत होतं?"

काकू दारात आल्या होत्या.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मोठी जाळी?"

"त्याच्याही आधीपासून. दोन्ही रेघा मिळतात सर. तिथे काही नाई."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग त्यांनी हात पुढे केला, आणि मी दोन्ही आकार त्यांच्या तळहातावर ठेवले.

"मले वाटलं होतं," ते म्हणाले, "मी तुले गणित शिकवलं."

काठी चाचपून ते उठले आणि आत गेले. मी उठून मागे जाऊ लागले, तर काकूंनी माझा दंड धरला. "आत्ता नको," म्हणाल्या. "जा तू आज."

मी दुसऱ्या दिवशी गेले तर सर झोपले होते. तिसऱ्या दिवशीही झोपले होते. सकाळचे अकरा वाजले होते. रजा संपली आणि मी परत गेले. फोन केला की काकू उचलायच्या. तब्येत बरी आहे, जेवण होते, मोजून राह्यले काहीतरी. त्यांना देऊ का, असं त्या विचारायच्या, आणि मागून काही आवाज यायचा नाही. मग त्याच म्हणायच्या, "राहू दे, नंतर."

पावसाळ्यात मी पत्र लिहिलं. सहा पानं. मशीन आधी थोडा वेळ चालवलं, घाईने फोन केला, पेढ्यांचं कळल्यावर धीर झाला नाही, वहीतल्या ओळीपुढे माझंच "तपासलं" होतं, म्हणजे मीही बाराच मोजले होते, हे सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की तुमचं वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नाही, पण मला स्वतःला वाईट वाटून घ्यायचं नव्हतं, हे त्याहून खरं आहे. काकू वाचून दाखवतील हे मला माहीत होतं, म्हणून अक्षर मोठं काढलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. काकूंच्या अक्षरात, सरांनी सांगितलेलं. त्यात पिळाच्या आकाराचे चोवीस होते, त्यावरून बदललेली पुढची पदं होती, आणि खाली एक ओळ होती: दुरुस्तीनंतर रेघ आधीच संपते, मशीनच्या उत्तराशी जुळते. आकडे मी ताडून पाहिले. सगळे बरोबर होते. डोळे नसताना, पाठांतरावर, त्यांनी सगळा हिशोब नव्याने केला होता. पत्रात माझ्यासाठी एकही शब्द नव्हता. मायना नव्हता, आशीर्वाद नव्हता. मी पाकीट उलटं करून पाहिलं.

ते आकडे मी परिशिष्टात घातले आणि वर सरांचं नाव लिहिलं. हिवाळ्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी परिशिष्टाचं पान उघडलं. हे हाताने कोणी केलं, विचारलं. गडचिरोलीच्या माझ्या शिक्षकांनी, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. छापील प्रत मी सरांना पाठवली. पोचल्याचं काकूंनी कळवलं.

मी घरी जात राहिले, पण गडचिरोलीला जायची हिंमत मला होत नव्हती. पुढच्या सुट्टीत नक्की, असं म्हणायची. पुढच्या जुलैत काकूंचा दुपारी फोन आला. रात्री सरांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, आणि सकाळी ते गेले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. घरात पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी ते पांगले तेव्हा काकूंनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि त्याही शेजारी जेवायला बसल्या.

मी विचारलं, "काकू, सर शेवटपर्यंत रागावलेले होते का?"

त्यांनी भाताचा घास केला, पण उचलला नाही. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. मी तर त्यासाठी तयारच होते.

"हो," त्या म्हणाल्या.

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझं पुस्तक आलं तेव्हा दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मले इंग्रजी जमते तसं वाचलं. त्यांच्या नावाचं पान आलं तं म्हणाले, पुढचं वाच. तू येशीन म्हणून वाट पाहिली त्यांनी. सांगितलं नाई कोणाला, पण रविवारी शर्ट बदलून ओट्यावर बसत."

मला जेवण गेलं नाही. काकूंनी आग्रह केला नाही. ताट उचलून नेलं.

संध्याकाळच्या गाडीने मी सावलीला उतरले. बाबा सायकल घेऊन आले होते. धानाची लावणी, म्हणजे रोवणे, चालू होते, पायाला चिखल तसाच होता. त्यांनी माझी पिशवी हँडलला अडकवली आणि आम्ही पायी निघालो. दोन्ही बाजूंना बांध्यांत पाणी भरलेलं होतं. बायका रोवण्याच्या ओळी पुऱ्या करून बाहेर पडत होत्या.

"मागच्या साली फाल्गुनात तुझ्यात आन् सरांत काय झालं होतं?" बाबांनी विचारलं. इतके महिने त्यांनी विचारलं नव्हतं.

मी सांगायचा प्रयत्न केला. जाळी, ठोकळे, उजवं वळण, डावं वळण. मी दोन्ही हात पुढे धरून दाखवलं. बाबांनी सायकल थांबवली आणि नीट ऐकलं. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण बारा राहून गेले, आणि मला दिसले होते, एवढं कळलं.

"मग सांगाचं होतं ना वं तेव्हाच," ते म्हणाले.

"हो बाबा."

त्यांनी सायकल पुढे ढकलली. आम्ही चालत घरापर्यंत आलो. आईने पाय धुवायला पाणी काढून ठेवलं होतं.